वडिलांचं सिको ‘एकदम नवीन’ करून घेऊ नका

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटात त्यांचं सिको फाइव्ह हे जपानी घड्याळ सापडलं. माझे मोठे काका कुवेतला नोकरीला होते, त्यांनी 1979 साली सुट्टीवर येताना ते वडिलांसाठी आणलं असं आई सांगते. माझ्या बारशाच्या फोटोत (1985) ते वडिलांच्या हातात स्पष्ट दिसतं. घड्याळ बंद होतं म्हणून गावातल्या एका दुकानात नेलं. दुकानदार म्हणाले, चावी गेलीय, नुसतीच गरगर फिरते. डायलवर डाग आहेत, तो बदलून आणि केसला (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला) पॉलिश मारून ‘एकदम नवीन’ करून देतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

या निमित्ताने मला जुन्या जपानी घड्याळांचा नादच लागला. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत निळं, केशरी, हिरवं असं करत चार सिको घेतली. एका ओळखीच्याने पाहिली आणि म्हणाला, ही सगळी ‘मुंबई स्पेशल’ आहेत, फेकून दे. वडिलांच्या घड्याळाच्या झाकणावर 7009 ने सुरू होणारा नंबर आहे. शिवाय एक सहा जागांचा नंबर आहे, त्यात आधी 8 आणि मग इंग्रजी एन आहे. हे वाचायचं कसं? अभ्यास कुठून सुरू करू? यात पैसे घालण्यात अर्थ आहे का? बायको म्हणते, आधी एक तरी चालू करून दाखवा.

— एक वाचक, चिपळूण

उत्तर

नमस्कार,

दुकानदारांना होकार दिला नाहीत हे फार बरं केलंत. आधी त्या चावीचं बघू, कारण तिथेच सगळी गोम आहे. तुमच्या नंबरातलं 7009 हे आतल्या मशीनचं नाव, आणि त्या मशीनला हाताने चावी द्यायची सोयच नाही. चावी आत बसलेली असताना फिरवली की ती मोकळीच फिरते, आणि सिकोच्या कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीही ती अशीच फिरत होती. हे मशीन फक्त हाताच्या हालचालीवर भरतं, अशा घड्याळाला ऑटोमॅटिक म्हणतात. सिको फाइव्हची चावी तीनच्या ऐवजी चारच्या आकड्यापाशी, केसमध्ये अर्धी लपवून का बसवलेली असते? रोज तिला हात लावायची गरज नाही हे गिऱ्हाईकाला दिसावं म्हणून. तुमच्या दुकानदारांच्या मनात खोट असेल असं मी म्हणत नाही. चावीची घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मोकळी फिरणारी चावी बिघडलेलीच वाटणार. पण मशीनचा नंबर वाचला असता तर हे निदान झालं नसतं.

आता घरी एवढं करून बघा. डायल वर येईल असं घड्याळ आडवं धरा आणि हातातल्या हातात वीस-तीस वेळा सावकाश गोल फिरवा. आत वजन फिरल्याची बारीक घरघर बोटांना जाणवेल. सेकंद काटा चालू लागला तर निम्मी काळजी मिटली. काही तास चालून थांबलं तर बहुधा तेल वाळलंय, सर्व्हिसिंग लागेल. अजिबात हललं नाही तरी जोर करू नका, आपटू नका, झाकण स्वतः उघडू नका.

चालू झालं तर चावी एक खटका बाहेर ओढा आणि फिरवा. एका बाजूला फिरवली की तारीख बदलेल, दुसऱ्या बाजूला वार. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात काटे असताना मात्र हे करू नका. तेव्हा तारीख बदलणारे दाते आधीच एकमेकांत अडकलेले असतात आणि जोर केला की तुटतात. काटे आधी सहावर आणा, मग तारीख लावा. आणखी एक: वेळ लावायला चावी पूर्ण ओढली तरी या मशीनचा सेकंद काटा थांबत नाही. तोही बिघाड नाही.

वार बदलताना त्या खिडकीकडे नीट बघा. इंग्रजी वारानंतर दुसऱ्या कोणत्या भाषेतला वार येतो? सिको वाराच्या चकत्या दोन भाषांत छापायचं आणि दुसरी भाषा माल कुठल्या बाजारात जाणार त्यावर ठरायची. जपानमध्ये विकायच्या घड्याळांवर जपानी अक्षरं असत, आखाती देशांत जाणाऱ्या मालावर अरबी. तुमच्या चकतीवर अरबी निघाली तर कुवेतच्या गोष्टीला घड्याळातूनच साक्ष मिळाली. जपानी निघाली तर गोष्ट खोटी ठरत नाही, पण मधे कुणीतरी मशीन उघडून चकती बदलली असावी अशी शंका धरायची.

झाकणावरचे आकडे वाचणं अवघड नाही. हायफनच्या आधीचे चार आकडे मशीनचे, नंतरचे केसचे. म्हणजे 7009 हे मशीन आणि पुढची चार अक्षरं ही त्या केसची ओळख. सहा जागांच्या नंबरात पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरी जागा महिन्याची. जानेवारी ते सप्टेंबरला 1 ते 9, ऑक्टोबरला ओ किंवा शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. उरलेले चार आकडे त्या महिन्यातला क्रमांक. तुमचं 8 आणि एन, म्हणजे आठने संपणाऱ्या सालातला नोव्हेंबर.

पण आठने संपणारं साल कोणतं? दशक सिकोने कुठेच लिहिलेलं नाही, ते आपण शोधायचं. 1968 शक्य नाही, तेव्हा हे मशीन नव्हतंच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते आलं आणि ऐंशीच्या दशकातही बनत राहिलं, म्हणून नंबरावरून 1978 आणि 1988 दोन्ही जमतात. इथे तुमच्या बारशाचा फोटो कामाला येतो. 1985 च्या फोटोत असलेलं घड्याळ 1988 मध्ये बनलेलं असू शकत नाही. नोव्हेंबर 1978 ला कारखान्यातून निघालं, कुवेतच्या दुकानात पोचलं आणि 1979 मध्ये चिपळूणला आलं, हे अगदी चपखल बसतं. फक्त फोटोतलं घड्याळ हेच आहे ना, याची खातरजमा करा. फोटो स्कॅन करून मोठा करा आणि तासांच्या खुणा, काट्यांचा आकार, चावीची जागा, पट्ट्याच्या कड्या ताडून बघा.

काका हयात असतील तर या रविवारीच त्यांच्याकडे जा. कोणत्या बाजारातून घेतलं, किती दिनार पडले, सोबत काय काय आणलं होतं, ते विचारा. त्यांच्या जुन्या पासपोर्टवर सुट्टीच्या तारखांचे शिक्के असतील. गॅरंटीचं पुस्तक कुठल्या तरी ट्रंकेत पडलेलं असू शकतं, त्यावर बहुतेक वेळा विकणाऱ्या दुकानाचा शिक्का असतो. कागद मिळाला तर लॅमिनेट करू नका, तसाच पाकिटात ठेवा. आखातात राबलेल्या माणसांनी कोकणात किती सिको फाइव्ह आणली असतील याला गणती नाही, पण कुणी कधी, कुठून, कितीला आणलं हे लिहून ठेवलेलं घर मला अजून दिसायचंय.

आता ‘मुंबई स्पेशल’. हा शब्द परदेशातल्या संग्राहकांनी रूढ केला आणि ते तो नाक मुरडूनच वापरतात. अर्थ एवढाच की जुनं सिको, सिटिझन नाहीतर रिको घ्यायचं, डायल खरवडून भडक रंगात नव्याने छापायचा, केस बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरून चकचकीत करायची, हाताला लागतील ते काटे लावायचे आणि पन्नास वर्षांपूर्वीचा अस्सल माल म्हणून विकायचं. विकणाऱ्याचा पत्ता मुंबईचा असतो म्हणून हे नाव पडलं. मला त्यातल्या कारागिरांचा राग येत नाही. आपल्याकडे घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती तेव्हा सुटे भाग मिळायचे नाहीत. खराब झालेला डायल रंगवून घेणं ही तेव्हा गिऱ्हाईकाचीच मागणी असायची. या कारागिरांनी भंगारात जाणारी किती तरी मशीनं चालती ठेवली. राग येतो तो ‘ओरिजिनल कंडिशन’ असं खाली लिहून ती विकणाऱ्याचा.

तुमची चार तपासायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात बसा. आधी डायलच्या तळाशी, सहाच्या दोन्ही बाजूंना काठालगत बघा. अस्सल डायलवर तिथे ‘जपान’ आणि त्यालगत मशीनचा नंबर व डायलचा कोड इतक्या बारीक अक्षरांत असतो की नुसत्या डोळ्याला ती रेघच वाटते. भिंगाखाली मात्र प्रत्येक अक्षर सुटं आणि धारदार दिसतं. रंगवलेल्या डायलवर हा कोड नसतो, नाहीतर शाई फुटल्यासारखा जाड असतो, आणि पुष्कळदा एकच छापा भलत्याच मॉडेलवर मारलेला असतो. निळ्या आणि केशरी डायलवर एकच कोड आणि आत मशीनं वेगळी, असं तुमच्याकडे निघालं तर आश्चर्य वाटू देऊ नका. डायलच्या कोडात केसचा नंबर झाकणावरच्या नंबरापेक्षा थोडा वेगळा दिसला तर मात्र घाबरायचं नाही, सिको तसं करायचं. मशीनचे चार आकडे जुळले पाहिजेत.

मग वार-तारखेच्या खिडकीची कड बघा. कारखान्यातली कड सरळ आणि स्वच्छ असते, रंगवलेल्या डायलवर रंगाचा ओघळ आत उतरलेला दिसतो. तासांच्या उठावदार खुणांच्या बुडाशी रंग साचलाय का, काटे मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतात की मधेच संपतात, तेही बघा. केसच्या कडा हा फार बोलका पुरावा आहे. सिकोच्या केसवर काही भाग आरशासारखे, काही बारीक रेघांचे असतात आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे धार असते. बफ मारलेली केस चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत होते, सगळ्या धारा जातात. त्या परत आणणं सोपं नाही. तुमच्या वडिलांच्या घड्याळाला पॉलिश नको म्हणतो ते म्हणून.

फेकून मात्र देऊ नका. चारपैकी एकात जरी 7009 मशीन निघालं तरी तुमचे पैसे वसूल झाले, कारण वडिलांच्या घड्याळासाठी लागणारे सुटे भाग घरातच आहेत. आणि झाकण उघडायला, आतलं बघायला शिकायचं तर ते याच चारांवर शिकायचं.

अभ्यास कुठून सुरू करू, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे: पुढचं वर्षभर एकच मशीन. तुमच्या नशिबाने ते 7009 आहे. साधं, दणकट, सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे झीज टाळायला चाकांच्या टोकांशी बसवलेले बारीक खडे), तासाला 21,600 ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. जाणकार त्याला फारसं मोजत नाहीत, पण शिकायला याहून चांगलं मशीन नाही. झाकण काढल्यावर आधी अर्धगोल वजन दिसतं. त्याच्याखाली दोन हातांचा एक छोटा चिमटा एका दातेरी चाकाला धरून बसलेला असतो. हा ‘मॅजिक लिव्हर’. वजन डावीकडे फिरो की उजवीकडे, एक हात चाकाला ओढतो नाहीतर दुसरा ढकलतो, चाक मात्र एकाच दिशेला सरकतं. दोन्हीकडची हालचाल वापरण्यासाठी इतरांना चाकांची माळ लावावी लागायची, ते काम सिकोने 1959 मध्ये या एका चिमट्यावर आणलं. भाग कमी, झीज कमी, किंमत कमी. 1963 मध्ये सिको फाइव्ह बाजारात आलं आणि ते सामान्य माणसाला परवडलं त्यामागे असले निर्णय आहेत. त्या चिमट्याकडे बघताना वजन बोटाने हळूच फिरवा. दाता एकेक करून सरकतो ते बघण्यात माझी संध्याकाळ अजूनही जाते.

हे एकदा हातात बसलं की बाकीची मशीनं आपोआप उलगडतात. सिकोचे दोन कारखाने होते, टोकियोतला दाइनी आणि नागानोच्या डोंगरातला सुवा. एकाच घरचे असून एकमेकांशी चुरस करायचे. सुवाने 1960 मध्ये ग्रँड सिको काढलं, तर दाइनीने 1961 मध्ये किंग सिको. दोघांनी आपापली घड्याळं स्वित्झर्लंडच्या नुशातेल वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेत पाठवली आणि 1967 पर्यंत अगदी वरच्या क्रमांकांत आणली. साठच्या दशकातल्या पुष्कळ डायलवर सहाच्या वर कारखान्याची इवलीशी खूण असते. 61 ने सुरू होणारी मशीनं सुवाची. जाता जाता, तुमच्या बँकेत किंवा कचेरीत एप्सनचा प्रिंटर असेल तर तोही या सुवाच्याच घरातला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकसाठी वेळ छापणारं यंत्र करता करता ते प्रिंटरकडे वळले.

सिटिझन आणि ओरिएंट या दुसऱ्या जपानी कंपन्यांकडेही वळाल, पण सावकाश. ओरिएंटने साठच्या दशकात शंभर ज्वेलचं घड्याळ काढलं होतं. एवढ्या ज्वेलची मशीनला गरज नव्हती, जाहिरातीला होती. डायलवरचा ज्वेलचा आकडा बघून किंमत ठरवणाऱ्या विक्रेत्याला हे उदाहरण जरूर ऐकवा. सिकोच्याच लॉर्डमॅटिक या मॉडेलमधलं 5606 हे मशीन देखणं आहे, पण त्यात वार-तारीख बदलणारा एक भाग प्लॅस्टिकचा आहे आणि तो हमखास तुटलेला असतो. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून तारीख बदलतानाचा व्हिडिओ मागवा. पाठवायला टाळाटाळ केली तर काय ते समजा.

संग्रहाला दिशा हवी असेल तर माझ्या मते तुमच्या खिशाला आणि कुतूहलाला दोन्ही पेलेल असा विषय घरातच आहे: एचएमटी. 1961 मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचं घड्याळ सुरू झालं. ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळातलं मशीन मुळात सिटिझनच्याच रचनेचं. साठच्या दशकातलं चावीचं सिटिझन आणि एक जनता झाकणं काढून शेजारी ठेवा आणि कुठला भाग जसाच्या तसा राहिला, कुठला बदलला, कुठे काम ओबडधोबड झालं, ते टिपा. पुढे हैदराबादच्या ऑलविनने सिकोशी करार करून घड्याळं काढली, तो दुसरा धागा. यावर जपानी माणूस अभ्यास करणार नाही, युरोपातलाही नाही. तो आपणच करायचा, कारण माल इथल्याच कपाटांत पडून आहे. मुंबईच्या चोर बाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात अशी घड्याळं हातात घेऊन, भिंगाखाली बघून घेता येतात, ऑनलाइन फोटोवर विसंबावं लागत नाही. पुण्याला बुधवारी किंवा रविवारी जा आणि पहिल्या खेपेला नुसते नंबर टिपून परत या.

प्रत्येक घड्याळासाठी वहीत एक पान ठेवा. झाकणावरचे दोन्ही नंबर, डायलचा कोड, बॅलन्सच्या (मागे-पुढे हलणाऱ्या चाकाच्या) आसपास मशीनवर कोरलेला नंबर, वाराच्या दोन भाषा, कुणाकडून कितीला घेतलं, काय बदललेलं आढळलं. झाकण, डायल आणि मशीन या तिघांचं एकमेकांशी पटलं तर घड्याळ अस्सल असण्याची शक्यता चांगली. झाकणावर 6119 आणि आत 7009 निघालं तर ते दोन घड्याळांचं मिळून एक झालंय. सिकोच्या जुन्या कॅटलॉगची स्कॅन केलेली पानं मिळतात, आपल्या मॉडेलचा डायल त्या सालात खरंच त्या रंगात निघत होता का हे त्यांत बघता येतं. कधी टोकियोला जाणं झालंच तर गिन्झातलं सिकोचं संग्रहालय चुकवू नका. तिथे 1913 चं लॉरेल आहे, जपानमध्ये बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ.

पैसे गुंतवण्याचं विचारलंत. सरळ सांगतो, त्यासाठी नको. सिको फाइव्ह प्रचंड संख्येने बनली, दुर्मीळ होण्यासाठी ती बनलीच नव्हती. किंमत चढली ती मोजक्यांची. 1965 चं 62मास, म्हणजे सिकोचं पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं पहिलं घड्याळ. किंवा 1969 मध्ये आलेलं 6139 हे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. त्यातलं पिवळ्या डायलचं एक विल्यम पोग नावाच्या अमेरिकी अंतराळवीराने 71 डॉलरला घेतलं होतं. 1973 च्या स्कायलॅब मोहिमेवर जाताना त्याने ते वरिष्ठांना न विचारता सोबत नेलं आणि 84 दिवस अंतराळात वापरलं. ही हकीगत पसरल्यापासून पिवळ्या 6139 चे भाव वाढले, आणि त्याबरोबर नकली पिवळे डायल, नकली काटे, नकली पुशर (स्टॉपवॉचच्या कळा) असा सगळा बाजार उभा राहिला. असल्या मालात पहिल्या पाच वर्षांत उतरलात तर शिकण्याची फी जबर पडेल. हौसेला महिन्याची एक रक्कम ठरवा, ती घरात सांगून ठरवा, आणि निम्मी सर्व्हिसिंगसाठी बाजूला काढा. बंद पडलेली दहा घेण्यापेक्षा एक घेऊन नीट करून घेतलेलं बरं, असं माझंही मत आहे आणि तुमच्या बायकोचंही दिसतंय.

आता वडिलांच्या घड्याळाचं काय करायचं ते नेमकं लिहितो. जुन्या ऑटोमॅटिकचं काम करणारा कारागीर शोधा. चिपळूणला नसेल तर पुणे-मुंबईला जावं लागेल. त्याला पहिला प्रश्न हा विचारा: 7009 ला हाताने चावी देता येते का? ‘नाही’ हे उत्तर लगेच आलं तर पुढचं बोला. पूर्ण मशीन उघडून, धुऊन, तेल घालून हवंय असं सांगा. वरून थेंबभर तेल सोडून चालू करून देणारे पुष्कळ आहेत, त्याने घड्याळ महिनाभर चालतं आणि दाते झिजतात. डायल, काटे आणि केस यांना हात लावायचा नाही, धूळ असेल तर फक्त हवेने उडवायची, हे कागदावर लिहून द्या. काचेवर खोल चरे असतील तर काच बदलायला हरकत नाही. मागचं रबराचं गॅस्केट तर बदलायलाच हवं, इतक्या वर्षांत ते दगड झालेलं असणार. जो भाग निघेल तो पुडीत घालून परत मागा, अगदी गॅस्केटसुद्धा. डायलवरचे डाग राहू द्या. ते घामाचे असतील, कोकणातल्या दमट हवेचे असतील, काही असो, वडील जे घड्याळ बघायचे ते तसंच होतं.

सर्व्हिसिंग झाल्यावर पहिले काही दिवस रोज रात्री मोबाइलशी वेळ ताडून वहीत लिहा. या वयाच्या मशीनने दिवसाला वीस-तीस सेकंद इकडेतिकडे केलं तर चालतं. मिनिटामिनिटाने पुढे-मागे जात असेल तर परत न्या. डायलवर किंवा झाकणावर वॉटर रेझिस्टंट असं लिहिलेलं असलं तरी आंघोळीला, पावसात आणि गणपती विसर्जनाला ते घालायचं नाही.

तोवर निळं घड्याळ घेऊन बसा. त्याचं झाकण आट्यांचं असेल तर रबराचा चेंडू घट्ट दाबून फिरवा, पुष्कळदा तेवढ्यावर उघडतं आणि ओरखडाही उठत नाही. आत कोणता नंबर निघतो ते मला कळवा. 7009 निघाला तर कारागिराकडे जाताना ते खिशात घालून जा. वडिलांच्या मशीनमध्ये एखादा भाग झिजलेला निघाला तर बदली शोधायला वेगळी वणवण नको.